मार्चमधला तो एक तास: झोप, औषधं, शाळा आणि पुण्याचे कॉल

न्यू जर्सीतल्या एडिसनहून एका ताईंचा प्रश्न आला आहे. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी मार्चमधल्या एका रविवारी पहाटे घड्याळ एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरमधल्या एका रविवारी परत मागे घेतात. मार्चमध्ये ते पुढे केलं की त्यांच्या घरात दोन आठवडे काहीच धड चालत नाही. सहा वर्षांची मुलगी सकाळी उठत नाही आणि रात्री झोपत नाही. नववीतला मुलगा शाळेच्या बसमध्ये पेंगतो. नवऱ्याचे पुण्याच्या टीमबरोबरचे कॉल रात्री आणखी लांबतात. यंदा सासूबाई पुण्याहून कायमच्या राहायला आल्या आहेत. त्यांना बीपी आणि मधुमेह आहे, रोज रात्री एक इन्सुलिन असतं. घड्याळ बदललं की हार्ट अटॅक वाढतात असा मेसेज त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर आला आणि त्या घाबरून गेल्या. एका तासाने खरंच एवढं काय होतं आणि आपण करायचं काय, असं ताईंनी विचारलं आहे.

मी झोपेच्या विकारांची डॉक्टर आहे आणि बरीच वर्षं न्यू जर्सीतच काम करते. आधी सासूबाईंच्या भीतीविषयी बोलते, कारण घरातलं वडीलधारं माणूस घाबरलं की बाकीच्यांचं लक्षही दुसऱ्या कशात लागत नाही.

त्या मेसेजमागे खरे अभ्यास आहेत. २००८ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी तिथल्या नोंदी तपासल्या. वसंतात घड्याळ पुढे गेल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात हृदयविकाराच्या झटक्यांत सुमारे ५ टक्के वाढ दिसली. २०१४ मध्ये मिशिगनमधल्या रुग्णालयांच्या आकडेवारीतून बदलानंतरच्या सोमवारी २४ टक्के वाढ झाल्याचं पुढे आलं आणि हाच आकडा दरवर्षी फिरत राहतो. पण त्याच अभ्यासात असंही दिसलं होतं की पूर्ण आठवड्याची बेरीज केली तर एकूण झटके वाढलेले नव्हते. ज्यांना त्या आठवड्यात त्रास व्हायचाच होता, त्यांच्यातल्या काहींना तो सोमवारीच झाला, इतकाच त्याचा अर्थ. त्यानंतर अमेरिकेत याहून मोठ्या संख्येवर अभ्यास झाले आणि त्यांत लक्षणीय वाढ आढळली नाही.

तेव्हा सासूबाईंना सांगा की पुण्याहून आलात तेव्हा साडेदहा तासांचा फरक पचवलात, हा एक तास तुमच्या जिवावर उठणार नाही. आधीपासून हृदयाचा त्रास असलेल्यांनी मात्र त्या दोन-तीन दिवसांत औषधाची वेळ चुकवू नये आणि अपुऱ्या झोपेवर अंगमेहनत करू नये. मार्चमध्येही आपल्याकडे कधी कधी बर्फ पडतं. पहाटे उठून फावड्याने बर्फ उपसणं हे हृदयाला घड्याळापेक्षा कितीतरी जड जातं. छातीत दुखलं, घाम फुटला, डावा हात किंवा जबडा भरून आला, तर ‘घड्याळामुळे असेल’ म्हणून वाट पाहू नका, ९११ ला फोन करा.

आता एका तासाने नेमकं काय होतं ते सांगते. मेंदूत, डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना छेदतात त्याच्या जरा वर, पेशींचा एक छोटा पुंजका आहे. झोप, शरीराचं तापमान, कॉर्टिसोल हे संप्रेरक, भूक, रक्तदाब या सगळ्यांचं वेळापत्रक तो ठरवतो. हे घड्याळ पेशींच्या आत कसं चालतं हे उलगडणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१७ चं नोबेल मिळालं. बहुतेक माणसांत त्याचा एक फेरा २४ तासांपेक्षा थोडा मोठा असतो, सरासरी २४.२ तासांच्या आसपास. म्हणजे मोकळं सोडलं तर ते रोज थोडं मागे पडतं, आणि रोज सकाळी त्याला वेळेवर आणायचं काम उजेड करतो. सकाळचा उजेड घड्याळ पुढे ढकलतो, संध्याकाळचा आणि रात्रीचा उजेड ते मागे ओढतो.

मार्चची खरी अडचण इथे आहे. त्या रविवारी पहाटे दोनचे तीन वाजतात आणि सोमवारी शरीराने एक तास लवकर जागं व्हावं अशी आपली अपेक्षा असते. त्यासाठी सकाळचा उजेड जास्त आणि संध्याकाळचा कमी मिळायला हवा. होतं बरोबर उलटं. एडिसनमध्ये आदल्या आठवड्यात साडेसहाच्या आत सूर्य उगवत असतो, तो बदलानंतर सव्वासातच्या सुमारास उगवतो. संध्याकाळी सहाला मावळणारा सूर्य सातपर्यंत रेंगाळतो. मुलगी रात्री झोपत नाही आणि सकाळी उठत नाही यात तिचा हट्ट नाही, तिला मिळणारा उजेडच तसा आहे. म्हणून माझा सगळा सल्ला उजेडाभोवती फिरतो. झोपायच्या वेळा त्याच्यामागून येतात.

मला स्वतःला हृदयापेक्षा जास्त काळजी त्या आठवड्यातल्या गाडी चालवण्याची वाटते. अमेरिकेतल्या दोन दशकांहून अधिक काळच्या जीवघेण्या अपघातांचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मार्चच्या बदलानंतरच्या आठवड्यात असे अपघात सुमारे ६ टक्क्यांनी वाढलेले दिसले, आणि टाइम झोनच्या पश्चिमेकडच्या भागात, जिथे सकाळचा अंधार जास्त वेळ टिकतो, तिथे परिणाम अधिक होता. खाणकामगारांवरचा २००९ चा एक अभ्यास मी रुग्णांना नेहमी सांगते. त्या सोमवारी कामगार सरासरी ४० मिनिटं कमी झोपले होते. कामावरच्या दुखापती जवळपास ६ टक्क्यांनी वाढल्या, पण दुखापतींपायी बुडालेले कामाचे दिवस वाढले ६८ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे जी इजा झाली ती मोठी झाली. झोप कमी झालेला माणूस चूक करतो, आणि ती सावरायलाही त्याला उशीर होतो. त्या सोमवारी आणि मंगळवारी टर्नपाइकवर, म्हणजे इथल्या मोठ्या महामार्गावर, जायचं असेल तर वीस मिनिटं आधी निघा, पुढच्या गाडीपासून अंतर ठेवा. डोळ्यांवर झापड येत असेल तर काच खाली करून, गाणी मोठ्याने लावून काही होत नाही. गाडी सुरक्षित जागी थांबवून पंधरा-वीस मिनिटांची डुलकी काढा.

मुलीसाठी तयारी बुधवारपासूनच सुरू करा. रोज पंधरा मिनिटं, रविवारपर्यंत तास भरतो. नुसतं अंथरुणात लवकर टाकून उपयोग नाही. जेवण, अंघोळ, गोष्ट सगळंच पंधरा मिनिटं आधी आणि सकाळचं उठणंही पंधरा मिनिटं आधी. शनिवारी सकाळी तिला लवकर उठवून अंगणात नाहीतर बाल्कनीत न्या, दूध तिथेच पिऊ द्या. ढगाळ दिवशीसुद्धा बाहेरचा उजेड घरातल्या दिव्यांच्या कित्येक पट असतो. बदलानंतर संध्याकाळी साडेसहाला पडदे ओढून घ्या, दिवे मंद करा आणि टॅबलेट बाजूला ठेवा. बाहेर लख्ख उजेड असताना ‘आता रात्र झाली’ हे सहा वर्षांच्या पोरीला पटत नाही, आणि तिच्या मेंदूलाही पटत नाही. झोपेसाठी घेतात त्या मेलाटोनिनच्या गोळ्या इथे फार्मसीत चॉकलेटसारख्या मिळतात. एका तासाच्या फरकासाठी त्या मुलांना देऊ नका. वेगळ्या कारणाने गरज वाटलीच तर आधी तिच्या डॉक्टरांशी बोला.

मुलाचं गणित वेगळं आहे. वयात येताना शरीराचं घड्याळ आपोआप उशिरा सरकतं. या मुलांना रात्री अकराच्या आत झोप येत नाही आणि शाळा भल्या सकाळी भरते. हायस्कूलच्या मुलांवरच्या एका छोट्या अभ्यासात बदलानंतरच्या आठवड्यात त्यांची झोप शाळेच्या दर रात्री सरासरी अर्ध्या तासाने कमी झाली होती. म्हणजे एका तासाचा बदल आणि आठवड्याअखेर अडीच तासांहून जास्त तूट. त्याला रागावू नका. रविवारी दुपारी बारापर्यंत लोळू मात्र देऊ नका, त्यानेच सोमवार बिघडतो. त्या आठवड्यात नाश्ता खिडकीपाशी करू द्या, शक्य असेल तर बसथांब्यापर्यंत चालत जाऊ द्या, दुपारनंतर कोला आणि एनर्जी ड्रिंक बंद. एखादी महत्त्वाची टेस्ट नेमकी त्या सोमवारी असेल तर ती दोन दिवस पुढे ढकलता येईल का, हे शाळेला विचारण्यात संकोच करू नका. गाडी शिकत असेल तर त्या आठवड्यात सकाळचा सराव नको.

सासूबाईंच्या औषधांविषयी. बीपीच्या गोळ्या आणि थायरॉइडची गोळी असली तर तीसुद्धा नव्या घड्याळाप्रमाणे सरळ घ्यायला हरकत नाही, तासाभराच्या फरकाने काही बिघडत नाही. दिवसातून एकदाच घ्यायचं, लांब पल्ल्याचं इन्सुलिनही साधारणपणे नव्या वेळेला घेतलं तर चालतं. जेवणाआधीचं इन्सुलिन जेवणाला बांधलेलं असतं, जेवण सरकलं की तेही सरकतं. घोळ होतो तो वेगळ्याच कारणाने: स्वयंपाकघरातलं भिंतीवरचं घड्याळ जुन्या वेळेवर, मोबाइल नव्या वेळेवर, आणि आजी दोन्हीकडे बघून डोस दोनदा घेतात किंवा एकदाही घेत नाहीत. शनिवारी रात्री झोपण्याआधी घरातली सगळी घड्याळं एकदम पुढे करा. मायक्रोवेव्हचं, ओव्हनचं, त्यांच्या मनगटावरचं आणि ग्लुकोमीटरमधलंसुद्धा, नाहीतर साखरेच्या नोंदी चुकीच्या वेळेच्या दिसतात आणि त्यांच्या आधारे डॉक्टर डोस बदलतात. आठवड्याच्या गोळ्यांची डबी असेल तर घेतलं की नाही ते लगेच दिसतं.

दोन आजारांत मात्र आधी डॉक्टरांना विचारायला हवं. पार्किन्सनमध्ये लेव्होडोपाचे डोस अगदी ठरलेल्या अंतराने असतात, आणि अपस्माराच्या रुग्णांना झोप कमी झाली तर झटका येऊ शकतो. यांनी हा तास दोन-चार दिवसांत विभागून घेतलेला बरा.

रुग्णालयात हाच घोळ नोव्हेंबरमध्ये होतो. घड्याळ मागे जातं त्या रात्री एक ते दोन हा तास दोनदा येतो. रात्रपाळीच्या नर्सची बारा तासांची पाळी तेरा तासांची होते. कॉम्प्युटरच्या नोंदीत दीड वाजता दिलेलं औषध पहिल्या दीडचं की दुसऱ्या दीडचं, हे कळायला मार्ग नसतो. म्हणून काही ठिकाणी तेवढ्या तासापुरत्या नोंदी कागदावर ठेवतात. मी शिकाऊ डॉक्टर असताना आमच्या वॉर्डातल्या एक अनुभवी नर्स प्रत्येक वेळेपुढे पेनाने एक किंवा दोन आकडा घालून त्याभोवती गोल करायच्या. सकाळी राउंडला तो कागद हातात आला की सगळं स्वच्छ कळायचं. घरी कुणाची आजारपणात रात्रभर देखभाल चालू असेल तर त्या रात्री तुम्हीही हेच करा.

नवऱ्याच्या कॉलचा प्रश्न झोपेच्या डॉक्टरने सोडवायचा आहे असं सहसा कुणाला वाटत नाही, पण माझ्याकडे येणाऱ्या आयटीतल्या निम्म्या लोकांचं दुखणं तिथेच असतं. भारतात घड्याळ बदलत नाही. दुसऱ्या महायुद्धात काही वर्षं ते एक तास पुढे ठेवलं होतं, युद्धानंतर ते पुन्हा ग्रीनिच वेळेच्या साडेपाच तास पुढे आलं. त्यामुळे पुण्याची सकाळी आठची मीटिंग हिवाळ्यात न्यू जर्सीत रात्री साडेनऊला येते आणि मार्चमध्ये एका रात्रीत साडेदहाला जाते. ज्या आठवड्यात शरीराला लवकर झोपायला शिकवायचं, नेमक्या त्याच आठवड्यात तोंडासमोर स्क्रीन, डोक्यात प्रॉडक्शनचे प्रश्न आणि झोप बाराच्या पुढे. मीटिंग पुण्याच्या घड्याळाला बांधलेली असेल तर ती मार्च ते नोव्हेंबरपुरती पुण्याच्या संध्याकाळी सहाला न्या. तेव्हा आपल्याकडे सकाळचे साडेआठ वाजलेले असतात, दोन्हीकडची माणसं जागी असतात. टीममध्ये लंडनचं कुणी असेल तर मार्चमधले दोन-तीन आठवडे जास्त सांभाळा. युरोपात घड्याळ मार्चच्या शेवटच्या रविवारी बदलतं, त्यामुळे मधल्या काळात न्यूयॉर्क आणि लंडनमधलं पाच तासांचं अंतर चार होतं आणि ठरलेले कॉल एकमेकांवर आदळतात.

पुण्याच्या बाजूनेही विचार करायला हवा. अमेरिकेच्या वेळेवर काम करणारी हिंजवडीतली मुलं नोव्हेंबरपासून एक तास उशिरा सुटतात आणि एक तास उशिरा घरी पोचतात. त्यांच्या घरातलं घड्याळ हललेलं नसतं, दूधवाला आणि मुलाची शाळा ठरल्या वेळीच येतात. बदल अमेरिकेत होतो आणि झोप त्यांची जाते. अमेरिकेत बसून मीटिंग लावणाऱ्या प्रत्येक मराठी मॅनेजरने हे लक्षात ठेवावं अशी माझी कळकळीची विनंती आहे.

‘मग हे बंद का करत नाहीत?’ असं मला दर मार्चला विचारलं जातं. बंद करावं यावर बहुतेकांचं एकमत आहे, कुठल्या वेळेवर थांबायचं यावर नाही. युरोपियन संसदेने २०१९ मध्ये हा प्रकार थांबवायचं मत दिलं, पण सदस्य देशांचं जमलं नाही. अमेरिकेच्या सिनेटने मार्च २०२२ मध्ये कायम समर टाइमचं, म्हणजे मार्चमध्ये पुढे केलेलं घड्याळ वर्षभर तसंच ठेवायचं, विधेयक मंजूर केलं, प्रतिनिधिगृहात ते अडलं. संध्याकाळी उजेड हवासा वाटतो हे मला कळतं. तरी मी कायम समर टाइमच्या विरोधात आणि कायम स्टँडर्ड टाइमच्या, म्हणजे हिवाळ्यातल्या वेळेच्या, बाजूने आहे, आणि अमेरिकेतल्या झोपेच्या डॉक्टरांच्या अकादमीचीही २०२० पासून हीच भूमिका आहे. नकाशा पाहिला तर कारण कळतं. एडिसनमध्ये स्टँडर्ड टाइमवर सूर्य जवळपास बरोबर बाराला डोक्यावर येतो. समर टाइमवर तो एकला येतो, आणि डेट्रॉइटला चक्क दीडच्या पुढे. डेट्रॉइटमध्ये जानेवारीत आजही सूर्य आठला उगवतो. कायम समर टाइम केला तर तिथली मुलं नऊपर्यंत अंधारात असतील. हा प्रयोग इथे करून झाला आहे. जानेवारी १९७४ मध्ये तेलटंचाईपायी वर्षभर समर टाइम सुरू केला, पोरं काळोखात शाळेला निघाली, पालक चिडले आणि त्याच ऑक्टोबरमध्ये काँग्रेसने हिवाळ्यापुरता तो मागे घेतला. रशियाने २०११ मध्ये कायम समर टाइम धरला आणि २०१४ मध्ये सोडून दिला.

राहिला नोव्हेंबर. तेव्हा तास परत मिळतो म्हणून सगळे खूश असतात, आणि पहिल्या रविवारची ती सकाळ खरंच छान जाते. पण माझ्या मते सासूबाईंसारख्या माणसांना नोव्हेंबरचा बदल मार्चपेक्षा जड जातो. शनिवारी संध्याकाळी सहाच्या जरा आधी मावळलेला सूर्य रविवारी पाचच्या आत जातो, डिसेंबरमध्ये साडेचारलाच दिवेलागण होते. पुण्यात तिन्हीसांजेला गणपतीच्या देवळात जायचं, वाटेत चार ओळखीची माणसं भेटायची अशी सवय असलेल्या बाईला इथे ऑफिसातून कुणी घरी येण्याआधीच रात्र झालेली दिसते. डेन्मार्कमधल्या रुग्णालयांच्या नोंदींवर २०१७ मध्ये आलेल्या अभ्यासात या बदलानंतर नैराश्याचे रुग्ण सुमारे ११ टक्क्यांनी वाढलेले होते. नेमका दिवाळीचा गजबजाट ओसरतो आणि हा अंधार येतो. रस्त्यावरही जपायला हवं, कारण हरणांच्या धावपळीचा हंगाम आणि आपली घरी यायची वेळ एकदम अंधारात सापडतात. घड्याळ मागे गेल्यानंतरच्या आठवड्यात गाड्यांची हरणांशी होणारी टक्कर सुमारे १६ टक्क्यांनी वाढते, आणि न्यू जर्सीत हरणं किती आहेत ते तुम्ही रोज पाहता.

सासूबाईंचं फिरणं ऑक्टोबरअखेरपासूनच सकाळी नाहीतर दुपारी जेवणाआधी करा, संध्याकाळवर ठेवू नका. पायऱ्यांवर आणि बाथरूमच्या वाटेवर आपोआप लागणारे दिवे बसवा, कारण म्हातारपणी अंधुक उजेडात पाय घसरण्याची भीती जास्त. दोन आठवड्यांहून जास्त काळ त्या गप्प गप्प राहू लागल्या, दिवसा झोपू लागल्या, जेवणावरची वासना उडाली किंवा उलट सारखं गोड खावंसं वाटू लागलं, तर ‘नवी जागा आहे, रुळतील’ म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांकडे न्या. हिवाळ्यातल्या अशा उदासीवर १०,००० लक्सचा (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) खास दिवा मिळतो, सकाळी उठल्यावर वीस ते तीस मिनिटं त्याच्यासमोर बसायचं. पेपर वाचत किंवा भाजी निवडत बसलं तरी चालतं, दिव्याकडे टक लावून बघायचं नाही. पण त्यांचा मधुमेह जुना असेल तर दिवा मागवण्याआधी डोळ्यांचा पडदा तपासून घ्या आणि डोळ्यांच्या डॉक्टरांची परवानगी घ्या. घरात कुणाला बायपोलरचा आजार असेल तर त्या व्यक्तीने हा दिवा मानसोपचारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय वापरू नये.